सुरगाठ : वऱ्हाडातील कोठे, पांजरपोळ आणि गाईचा निवारा

पाठशाळेच्या बाकावर बसलेल्या प्रत्येक मुलास अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तोंडपाठ असतात. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पुढे मोठेपणी प्रतिक्रमणात हीच नावे आपण वर्षानुवर्षे उच्चारतो. मारणे, अवयव कापणे, पेलवणार नाही इतके ओझे लादणे, खाणेपिणे रोखणे यांतील हिंसा सांगावी लागत नाही. मात्र या यादीत सर्वांच्या आधी येतो तो ‘बंध’, म्हणजे मुक्या जीवास बांधून ठेवणे, आणि त्याच्याकडे आपले लक्ष सर्वांत कमी जाते. कारण उघड आहे. गाय म्हटली की दावे आलेच, असे आपण जन्मापासून पाहत आलो आहोत.

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंदिर, पाठशाळा, वसतिगृह आणि औषधालय यांचा इतिहास अधिकारी मंडळी लिहितीलच. प्रस्तुत लेखकाने एका दुर्लक्षित वास्तूचा मागोवा घेण्याचे योजिले आहे. ती वास्तू म्हणजे गाईचे घर. अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांत, ज्यास आपण वऱ्हाड म्हणतो त्या मुलखात, गाय कोठे बांधली गेली, कशाखाली उभी राहिली, आणि दयाबुद्धीने बांधलेल्या इमारतींनी तिला खरोखर किती सुख दिले, हा तो विषय होय. सुवर्णमहोत्सवानिमित्त गोशाळेसाठी देणगी देण्याची इच्छा अनेक दात्यांनी व्यक्त केली आहे. त्यामुळे हा इतिहास केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही.

प्रथम शास्त्राकडे वळू. उपासकदशांग सूत्रात भगवान महावीरांच्या दहा प्रमुख श्रावकांची चरित्रे आहेत. त्यांतील पहिला, वाणिज्यग्रामचा आनंद गृहपती, याने व्रत घेताना आपल्या परिग्रहाची मर्यादा बांधली. त्या मर्यादेत चार व्रज होते आणि प्रत्येक व्रजात दहा हजार गाई. आकडा मोठा आहे खरा. परंतु ‘व्रज’ या शब्दाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. व्रज म्हणजे गाईंचा कळप, आणि तो कळप जेथे राहतो ते कुंपणाचे आवारही. त्यात गाई मोकळ्या असत. चाळीस हजार खुंटे आणि चाळीस हजार दावी यांची कल्पनाच करवत नाही!

अतिचारांवर भाष्य करणाऱ्या आचार्यांनी बंधाचे दोन प्रकार सांगितले आहेत : निरपेक्ष आणि सापेक्ष. हलता येऊ नये असा आवळून, निर्दयपणे बांधणे हा निरपेक्ष बंध. अंग हलवता येईल इतपत सैल, आणि आग लागली असता चटकन सोडता किंवा तोडता येईल असे बांधणे हा सापेक्ष बंध. बांधावेच लागले तर असे बांधावे. मुळात न बांधता राहू शकतील अशीच जनावरे श्रावकाने बाळगावीत हे अधिक चांगले, असेही ते सांगतात. ‘आग लागली असता’ हे उदाहरण ग्रंथांत आलेले पाहून शहरातील वाचकास नवल वाटेल. वऱ्हाडातील खेड्यात वाढलेल्या माणसास ते वाटणार नाही. त्याकडे पुढे वळतो.

वऱ्हाडात गोठ्याला ‘कोठा’ म्हणतात. मुलुख तुम्हां आम्हांस परिचित आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, पावसाळ्यात काळी जमीन गुडघाभर चिखल धरते आणि पौषात पहाटेची थंडी हाडांत शिरते. तिन्ही ऋतूंना पुरून उरेल अशी वास्तू उभी करणे सोपे नव्हे. जुन्या कोठ्याने ते आपल्या परीने साधले होते. सधन घरांत वाड्यालगत धाब्याचा कोठा असे. सागवानी खांब, त्यांवर आडव्या बल्ल्या, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. या मातीच्या छताखाली भर दुपारीही गारवा राही. सामान्य शेतकऱ्याचा कोठा म्हणजे पऱ्हाटीचा किंवा तुराट्यांचा कूड, त्यावर शेणाचा हात, आणि गवताचे किंवा कडब्याचे छप्पर. कुडातून हवा खेळे, पण झळा थेट अंगावर येत नसत. खाली मुरूम किंवा ठोकलेली माती, एका बाजूस दगडमातीची गव्हाण, आणि कोपऱ्यात सरकी-ढेपेची टोपली. कापसाच्या मुलखातील गाय कापसाच्या झाडाच्या भिंतीत राहून कापसाचेच बी खात असे.

या कोठ्याचे खरे मर्म मात्र त्याच्या भिंतीत शोधून सापडणार नाही. ते गाईच्या दिनक्रमात होते. सकाळी धार काढून झाली की गाय सुटे. गावाच्या आखरावर सगळ्यांची जनावरे जमत, तेथून गायकी त्यांना सरकारी गायरानात, ज्यास आपल्याकडे आजही ‘ई-क्लास’ म्हणतात, चरावयास नेई. दिवसभर चालणे, झाडाखाली बसणे, नाल्यात पाणी पिणे. दिवेलागणीस धुळीचा लोट उठवीत कळप परत येई आणि प्रत्येक गाय न सांगता आपल्या दारी वळे. म्हणजे कोठा हा केवळ रात्रीचा निवारा होता. आठदहा तासांचे दावे आणि उरलेला दिवस मोकळा, असा तो व्यवहार होता. सातपुड्याच्या माथ्यावर, मेळघाटातील गवळी लोकांत तर मोकळीक याहूनही अधिक असे. ज्या गाविलगडाच्या नावात गवळी आहेत, त्या डोंगरांत गाईगुरांच्या कळपांचा वावर किती जुना आहे हे निराळे सांगावयास नको.

आता आगीविषयी. प्रस्तुत लेखक सातआठ वर्षांचा असताना पूर्णाकाठच्या आमच्या खेड्यात वैशाखातल्या एका दुपारी शेजारच्या आळीत कोठ्याला आग लागली. कडब्याची गंजी लागून होती. पऱ्हाटीचा कूड वाळलेल्या फटाक्यासारखा पेटतो. माणसे धावली, परंतु आत शिरण्यास मिनिट-दोन मिनिटांहून अधिक अवधी मिळाला नाही. त्या कोठ्यात सात जनावरे होती. चार दोराच्या सुरगाठीने बांधलेली होती. टोक ओढताच गाठ सुटली आणि ती बाहेर आली. एक बैलजोडी आणि एक गाभण गाय लोखंडी साखळीस अडकवलेली होती. साखळी घरधन्याने नुकतीच, चोरीच्या भीतीने, मोठ्या हौसेने बाजारातून आणली होती. त्या तिघांचा हंबरडा पुष्कळ वर्षे कानांतून गेला नाही. त्या रात्री वडिलांनी आम्हां भावंडांना ओसरीवर बसवून सुरगाठ कशी मारावयाची ते शिकविले. आचार्यांचे भाष्य वडिलांनी वाचले होते की नाही, ठाऊक नाही.

असो. खाजगी कोठ्याकडून आता संस्थांच्या इमारतींकडे यावयाचे आहे. आजारी व निराधार प्राण्यांसाठी संस्था चालविण्याची परंपरा गुजरातेत फार जुनी आहे. इटालियन प्रवासी पिएत्रो देला वाल्ले याने १६२३ मध्ये खंबायत येथे पक्ष्यांचे आणि प्राण्यांचे रुग्णालय पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले. मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून दंगा उसळला. त्यानंतर १८३४ मध्ये शेठ मोतीचंद अमीचंद (आपल्या समाजात मोतीशहा म्हणून ते परिचित आहेत) आणि सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला. एक जैन आणि एक पारशी, अशा दोघांनी मिळून हे कार्य उभे करावे, हे त्या काळच्या मुंबईचे भूषण म्हटले पाहिजे.

वऱ्हाडात ही कल्पना पोचली ती कापसाच्या गाड्यांबरोबर. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, आणि अमरावती, अकोला, खामगाव ही नावे लिव्हरपूलच्या बाजारात ऐकू येऊ लागली. मारवाड, गुजरात, कच्छ येथील व्यापारी कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांत जैन कुटुंबे पुष्कळ होती. कारंजा (लाड) येथे तर भट्टारकांच्या गाद्यांमुळे शतकानुशतकांची जैन परंपरा होतीच. त्याच कारंज्यात १८८६ साली देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर ‘धर्मादाय’ कापण्याची प्रथा व्यापाऱ्यांत रूढ होती, आणि त्या धर्मादायातून धर्मशाळा, पाणपोया व गोरक्षणे चालत. येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद करणे आवश्यक वाटते. हा धर्मादाय पुष्कळदा शेतकऱ्याच्या हिशेबातून वजा होई. दाता म्हणून दगडावर नाव व्यापाऱ्याचे कोरले गेले, तरी गोरक्षणाच्या भिंतीतील पुष्कळ विटा कास्तकाराच्या होत्या. बाजारांच्या कायद्यांनी अशा अनधिकृत कपातींवर पुढे नियंत्रण आणले, हे योग्यच झाले.

१८८०च्या दशकात गोरक्षणाची चळवळ उत्तर हिंदुस्थानातून मध्यप्रांतात आली. नागपुरात गोरक्षिणी सभा स्थापन झाली, आणि १८९१ साली काँग्रेसचे अधिवेशन नागपुरास भरले तेव्हा अधिवेशन संपल्यावर त्याच मंडपात गोरक्षणाची मोठी सभा झाली. या चळवळीचे राजकीय पडसाद हा निराळा आणि दुःखद विषय आहे. त्यात येथे शिरावयाचे नाही. वऱ्हाडापुरते पाहता, संस्थांची गरज खऱ्या अर्थाने पटविली ती दुष्काळाने. १८९६-९७ पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला. गुजराती व मारवाडी घरांत संवत १९५६ वरून तो ‘छप्पनिया’ म्हणून आजही आठवला जातो. माणसांना खडी फोडण्याचे काम मिळे. जनावरांना काय मिळणार? चाऱ्यावाचून गुरे मोकळी सोडून देण्यात आली, रस्त्यांच्या कडेस ती पडून मेली. गावाच्या वेशीवर जागा, पाणी आणि चारा यांची कायमची तजवीज असावी ही जाणीव त्यानंतर सर्वत्र दृढ झाली.

वऱ्हाडातील गावोगावची गोरक्षणे ही अशा जाणिवेची फळे होत. अकोल्यात ‘गोरक्षण रोड’ हे नाव प्रत्येकाच्या तोंडी आहे. आज त्या रस्त्यावर दुकाने, दवाखाने आणि सदनिका यांची दाटी आहे; रिक्षात बसणाऱ्या तरुणास या नावात गाय आहे हे जाणवतही नसेल. एकेकाळी ही जागा गावाबाहेर होती. शहर वाढत जाऊन गोरक्षणाला वेढते, चरण्याची जमीन आक्रसते, आणि गावाबाहेर मोकळ्या हवेसाठी निवडलेली जागा भर वस्तीत येते, हे पुष्कळ शहरांत घडले.

या संस्थांच्या इमारतींविषयी थोडे कठोर लिहिणे भाग आहे. ज्यांनी त्या बांधल्या ते धर्मशाळा, मंदिरे आणि जिनिंगच्या गोदामांचे बांधकाम जाणणारे होते. म्हणून गोरक्षणही त्यांनी धर्मशाळेसारखेच बांधले. मध्ये फरसबंद चौक, चारी बाजूंस ओवऱ्या, मागे भक्कम बंद भिंत, पुढे कमानी, आणि दर्शनी भागी दात्यांच्या नावांच्या संगमरवरी शिळा. यात्रेकरूस ही वास्तू उत्तम आहे. तो रात्री निजतो आणि सकाळी निघून जातो. गाय मात्र तेथे वर्षानुवर्षे राहते. तिच्या मूत्राचा उग्र वाफारा बंद भिंतीशी कोंडतो, फरशी पावसाळ्यात शेवाळते, आणि खूर घसरला की वयस्क गाय पुन्हा उभी राहत नाही. घोडा उठताना पुढचे पाय आधी टेकतो. गाय आधी मागचा भाग उचलते, आणि त्यासाठी तिला मान पुढे झोकून द्यावी लागते. भिंतीशी तोंड करून आखूड दाव्याने बांधलेल्या गाईस हा झोक घेताच येत नाही. आपल्याच भागातील एका गोशाळेत, देणगीतून चकचकीत फरशी घातली त्या पावसाळ्यात, गाई घसरून जायबंदी झाल्याचे प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे. दात्याचा हेतू निर्मळ होता.

संस्थांतील या उणिवांवर सर्वांत स्पष्ट बोट ठेवले ते महात्मा गांधींनी. वाईचे चौंडे महाराज हे गोरक्षणाचे निष्ठावंत कार्यकर्ते होते. त्यांच्या आग्रहावरून डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावच्या गोरक्षा परिषदेचे अध्यक्षस्थान गांधीजींनी स्वीकारले. पांजरपोळ शहराबाहेर, विस्तीर्ण मोकळ्या जमिनीवर असावेत, तेथे जाणकार माणसे असावीत, आणि दुधाच्या गाईंचे संगोपन शास्त्रशुद्ध व्हावे, असे ते वारंवार सांगत. आमच्या शेजारच्या वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी १९४१ मध्ये गोसेवा संघाचे कार्य हाती घेतले, नालवाडीजवळ गोपुरी वसविली, आणि आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत ते तेथे साध्या कुटीत राहिले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. त्याआधी थोडेच दिवस वर्ध्यात गोसेवा परिषद भरली होती.

आणि आपले गाडगेबाबा! १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेला डेबू मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यास मामाच्या घरी वाढला, आणि लहानपणी त्याने गुरेच राखली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या मुलाने गाईचे शिक्षण गाईकडूनच घेतले. पुढे १९२५ च्या सुमारास मूर्तिजापूर येथे त्यांनी गोरक्षणाचे कार्य उभे केले. बाबांच्या हातातील खराट्याची आठवण आपण गावाच्या स्वच्छतेशी जोडतो. परंतु गुराख्याच्या हाती खराटा येतो तो आधी कोठ्यात येतो. शेण उचलणे, ओल काढणे, कोरड्या जागी जनावर बसविणे, हेच गोपालनाचे अर्धे शास्त्र आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९५५ च्या ‘ग्रामगीते’त ग्रामशुद्धी, ग्रामनिर्माण आणि ग्रामआरोग्य यांच्या लगोलग गोवंशसुधाराचा अध्याय ठेवला, ती मांडणीही मोठी अर्थपूर्ण आहे. गाईचा प्रश्न त्यांनी गावाच्या स्वच्छतेच्या आणि आरोग्याच्या शेजारी बसविला.

स्वातंत्र्यानंतरचा बदल मोठा आहे आणि त्याचा वेगही मोठा आहे. पापळचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख १९५२ ते १९६२ केंद्रीय कृषिमंत्री होते. त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये अकोल्यात स्थापन झाले आणि दुग्धशास्त्र वऱ्हाडच्या दारी आले. याच काळात जर्सी आणि होल्स्टिन यांच्या संकरित गाई आल्या. दूध वाढले, शेतकऱ्याच्या हाती रोजचा पैसा आला, याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण आपल्या देशी गाईची सैल कातडी आणि अधिक घाम सोडण्याची शक्ती तिला वैशाखात तारून नेई; थंड मुलखातील रक्ताची गाय पंचविशी ओलांडली की धापू लागते. तिला घराची गरज अधिक आहे, आणि नेमक्या याच वेळी तिचे घर बिघडले. ई-क्लास जमिनी आक्रमणात व इतर कामांत गेल्या, गायकी मिळेनासा झाला, आखर ओस पडले. गाय दिवसाचे चोवीस तास कोठ्यातच राहू लागली. रात्रीसाठी बांधलेले घर आता अष्टौप्रहर तुरुंग झाले. धाब्याच्या जागी टिनाचे पत्रे आले, तेही आठ फुटांवर. दुपारी त्या पत्र्याखाली क्षणभर उभे राहून पाहावे. वरून विस्तव ओतल्यासारखे वाटते. आणि दोराच्या जागी सर्वत्र साखळी आली.

इंग्लंडमध्ये १९६४ साली रुथ हॅरिसन या बाईंनी कारखानी पशुपालनावर पुस्तक लिहून खळबळ उडविली. सरकारने ब्रॅम्बेल समिती नेमली. तिने १९६५ च्या अहवालात म्हटले की, पाळीव जनावरास किमान उभे राहता, बसता, वळता, अंग चाटता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. जगभरच्या प्राणिकल्याण कायद्यांचा पाया म्हणून हा अहवाल ओळखला जातो. तो वाचताना ‘बंध’ हा अतिचारच नव्या भाषेत समोर आल्यासारखे वाटते. आपल्याकडे हे आधीच सांगितले होते, असा अभिमान बाळगावयास हरकत नाही. पण ते सांगितल्यानंतर आपण साखळ्या विकत घेतल्या, हेही विसरता येत नाही.

गेल्या दोनअडीच दशकांत महाराष्ट्रात ‘मुक्तसंचार गोठा’ ही पद्धत रुजली. कल्पना साधी आहे. कुंपणाचे आवार, त्यात काही भागावर छप्पर, उरलेले आकाशाखाली. गाई बांधावयाच्या नाहीत. धारेच्या व खुराकाच्या वेळेपुरत्या फार तर अडकवावयाच्या. मध्ये पाण्याचा हौद, एका कडेला लांब गव्हाण, सावलीस झाडे. देशात मान्य असलेल्या मानकानुसार प्रत्येक गाईस छपराखाली साडेतीन चौरस मीटर आणि उघड्यावर सात चौरस मीटर जागा लागते. हिशेब केला तर शंभर गाईंस सुमारे हजार-अकराशे चौरस मीटर, म्हणजे पाव एकराहून किंचित अधिक. बांधीव गोठ्यात गाईच्या वाट्यास दोन चौरस मीटरही येत नाहीत. गाय दिवसातील दहा-बारा तास बसून काढते. बसून रवंथ करणारी गाय ही सुखी गाय, हे आपल्या आजीसही ठाऊक होते. मोकळ्या आवारात ती ऊन पाहून सावलीत जाते, गारठ्यात उन्हात येते, तहान लागली की पाणी पिते. दुभत्या गाईस उन्हाळ्यात साठसत्तर लिटर पाणी लागते. बांधलेल्या गाईस ते माणसाच्या आठवणीवर अवलंबून प्यावे लागते. अन्नपाननिरोध नेहमीच हेतुपुरस्सर घडतो असे नाही.

तरीही पुण्या-नगरकडील नमुना जसाच्या तसा वऱ्हाडात आणून चालणार नाही, असे अनुभवी गोपालक सांगतात आणि ते खरे आहे. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगाळते. तिच्यावर थेट आवार केले तर श्रावणात गाई पोटापर्यंत चिखलात उभ्या राहतील. म्हणून आधी मुरमाचा उंचवटा, भोवती चर, आणि उतार. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट. तेथे पावसाचे पाणी साठविण्याची सोय इमारतीच्या आराखड्यातच हवी. छपराच्या दिशेविषयी जाणकारांत मतभेद आहेत. छप्पर पूर्व-पश्चिम लांब ठेवले तर भर दुपारची सावली आत टिकते; दक्षिणोत्तर ठेवले तर सकाळ-संध्याकाळचे ऊन जमिनीवर फिरून ती वाळते. आपल्या उन्हाचा विचार करता मुख्य छप्पर पूर्व-पश्चिम असावे आणि झाडांची रांग दक्षिणोत्तर असावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पत्रा टाळता येत नसेल तर तो उंच असावा, वर चुन्याचा पांढरा हात द्यावा, किंवा उन्हाळ्यापुरता पऱ्हाटीचा थर घालावा. हा थर घालताना मात्र आगीचे भान हवे. झाडांत कडूनिंबासारखे दुसरे नाही.

जैन गोशाळांपुढे एक खास अडचण असते. ओलसर, अंधाऱ्या गोठ्यात गोचीड व माश्या माजतात. फवारणी करावी तर त्या जीवांची हिंसा. न करावी तर गाईचे रक्त शोषले जाते. पुष्कळ विश्वस्त मंडळांत यावर वाद झडलेले आहेत. कोरडी जमीन, ऊन आणि वेळच्या वेळी उचललेले शेण यांमुळे त्यांची उत्पत्तीच कमी होते. जयणेचा अर्थ येथे थेट बांधकामाशी येऊन भिडतो.

अलीकडच्या घटनांचा उल्लेख केल्यावाचून हा आढावा पुरा होणार नाही. मार्च २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदी बैल व वळू यांनाही लागू झाली. २०२३ मध्ये गोसेवा आयोगाचा कायदा झाला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी शासनाने देशी गाईस ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन पन्नास रुपये अनुदानाची योजना जाहीर केली. परिणामी गोशाळांकडे येणारी जनावरे वाढली, आणि त्यांत भाकड गाई व गोऱ्हे यांचा भरणा अधिक. पन्नास गाईंच्या जागेत दोनशे उभ्या केल्या तर दुबळीस गव्हाणीपर्यंत पोचताच येत नाही. शिंगवाल्या तिला रेटतात. गोऱ्हे, गाभण गाई आणि वृद्ध गाई यांची आवारे वेगळी लागतात. कोणत्याही जिवास दारातून परत पाठविणे आपल्या मनास लागते हे खरे. परंतु आनंद श्रावकाने चारच व्रज ठेवण्याचे व्रत घेतले होते, पाचवा नाही. संख्या ठरविणे हाही त्याच्या अहिंसेचा भाग होता. आपल्या विश्वस्तांनी जागा मोजून संख्या ठरवावी, आणि त्याहून अधिक जनावरे आल्यास शेजारच्या संस्थांशी अथवा शेतकऱ्यांशी सहकार्य करून त्यांचे संगोपन घडवावे, अशी नम्र सूचना येथे करावीशी वाटते.

देणगीदार बंधुभगिनींसाठी दोन शब्द. छपराच्या खांबावर नाव कोरता येते, मुरमाच्या उंचवट्यावर कोरता येत नाही. पाण्याच्या हौदावर फार तर एक फरशी बसेल. कडूनिंबाची सावली पडावयास सातआठ वर्षे लागतात, आणि तोवर कोणाच्या हातून रोप लागले हे बहुतेकांच्या विस्मरणात जाते. त्यामुळे अशा कामांना देणगी मिळणे कठीण जाते, असा सर्वच गोशाळांचा अनुभव आहे. नकाशा अंतिम करण्यापूर्वी समितीतील प्रत्येकाने मे महिन्यातील एका दुपारी दोन वाजता आपल्या सध्याच्या शेडमध्ये, गाईच्या जागी, अर्धा तास उभे राहावे. त्याच वेळी साखळ्याही मोजून घ्याव्यात. मागील दिवाळीत, वसुबारसेच्या पूजेला गेलो असता, प्रस्तुत लेखकाने त्या मोजल्या होत्या. एकोणतीस होत्या. त्यांतील अकरांच्या कड्या गंजून बसलेल्या असल्याने हाताने सुटत नव्हत्या. जुन्या राखणदाराने घरून दोर आणला, आणि आम्ही दोघांनी संध्याकाळपर्यंत त्या अकरा गाई सुरगाठीने बांधल्या.